क्रीडाक्षणांचे छायाचित्रण आणि सहकाऱ्यांचे अभिप्राय : एक विवेचन

१. प्रस्तावना

छायाचित्रण ही आज घरोघरी पोहोचलेली कला आहे. महाविद्यालयांचे क्रीडा महोत्सव, आंतरमहाविद्यालयीन कबड्डी व खो-खोच्या स्पर्धा, गावोगावच्या जत्रांतील कुस्तीचे फड अशा प्रत्येक ठिकाणी हाती कॅमेरा घेतलेला एखादा विद्यार्थी किंवा प्राध्यापक हटकून आढळतो. सामना संपल्यानंतर टिपलेली छायाचित्रे समानछंदी मित्रांना दाखविली जातात आणि त्यांवर अभिप्राय मागितला जातो. हे अभिप्राय बहुधा दोन टोकांना असतात. एका टोकाला ‘छान’, ‘अप्रतिम’ अशी स्तुती असते, तर दुसऱ्या टोकाला ‘पाय कापला गेला’, ‘चित्र धूसर आहे’, ‘मागे फार गर्दी आहे’ अशी दोषांची यादी असते. पहिल्या प्रकारातून छायाचित्रकाराला शिकण्यासारखे काही मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारातून पुष्कळदा चुकीचे शिक्षण मिळते. नवोदित विद्यार्थी अशा वेळी एकतर छंद सोडून देतो, किंवा सर्वांना आवडेल असे सुरक्षित आणि निर्जीव छायाचित्र काढू लागतो. दोन्हींत नुकसान छंदाचेच होते.

क्रीडाक्षण पुन्हा घडत नाही. त्यामुळे क्रीडा-छायाचित्रावरील अभिप्राय केवळ समोरच्या चौकटीतील दोषांविषयी असून भागत नाही. ती चौकट ज्या निर्णयांतून घडली त्या निर्णयांविषयी तो असला पाहिजे, तरच त्याचा पुढील सामन्यात उपयोग होतो. प्रस्तुत लेखात ही भूमिका मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) क्रीडाक्षणांच्या छायाचित्रणाचे इतर छायाचित्रणापासूनचे वेगळेपण स्पष्ट करणे.
२) अशा छायाचित्रांवरील अभिप्रायांचे स्तर निश्चित करणे.
३) छायाचित्र दाखविण्याची व अभिप्राय स्वीकारण्याची व्यवहार्य पद्धत सुचविणे.
४) अभिप्रायाच्या नैतिक मर्यादा विशद करणे.

३. छंदमंडळांची परंपरा आणि तिचे संकेत

आपल्याकडे छायाचित्रे एकत्र बसून पाहण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेशी संबंधित होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ आणि १९५३ मध्ये ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ या संस्था उभ्या राहिल्या. मासिक बैठक, विषयवार स्पर्धा, परीक्षकांचे गुणांकन आणि प्रदर्शन ही हौशी छायाचित्रण मंडळांची परिचित चौकट होय.

या चौकटीतून काही संकेत रूढ झाले. विषय चौकटीच्या एक-तृतीयांश रेषेवर असावा, पार्श्वभूमी स्वच्छ असावी, अवयव कापले जाऊ नयेत, प्रतिमा सुस्पष्ट असावी, हे ते संकेत होत. निसर्गचित्र, व्यक्तिचित्र आणि वस्तुचित्र यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी उपयुक्त ठरतात, कारण तेथे छायाचित्रकाराला वेळ असतो. प्रकाशाची वाट पाहता येते, व्यक्तीला बाजूला सरकण्यास सांगता येते, न जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो. मैदानावर यांपैकी काहीही शक्य नसते. तरीही अभिप्राय देणारे सहकारी नकळत तेच मापदंड क्रीडा-छायाचित्राला लावतात. अनेक गैरसमजांचे मूळ येथे आहे.

४. क्रीडाक्षणाचे वेगळेपण

गतीचे चित्रण ही छायाचित्रणापुढील जुनी समस्या आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावपट्टीलगत एका ओळीत बारा कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांतून सिद्ध झाले. जे डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेरा दाखवू शकतो, हा क्रीडा-छायाचित्रणाचा पायाच त्या प्रयोगाने घातला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ‘निर्णायक क्षण’ ही संकल्पना जगभर रूढ झाली. क्रीडा-छायाचित्रणात ही संकल्पना अक्षरशः लागू पडते.

क्रिकेटमधील एक उदाहरण बोलके आहे. १४ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामना बरोबरीत सुटला. कसोटी इतिहासातील ती पहिलीच बरोबरी होती. जो सॉलोमन यांच्या थेट फेकीवर इयान मेकिफ धावचीत झाले तो अखेरचा क्षण रॉन लोविट यांनी टिपला. ते छायाचित्र आजही त्या सामन्याची ओळख आहे. त्या क्षणाची दुसरी प्रत मिळणे शक्यच नव्हते. अशा छायाचित्राविषयी ‘थोडे डावीकडून घेतले असते तर’ ही सूचना त्या चौकटीच्या संदर्भात निरर्थक ठरते. मात्र ‘अखेरच्या षटकात कोणत्या जागेवरून यष्ट्या आणि क्षेत्ररक्षक दोन्ही दिसतील?’ हा प्रश्न पुढील प्रत्येक सामन्यात उपयोगी पडणारा आहे. दोन्ही वाक्यांचा विषय एकच, पण पहिले वाक्य भूतकाळात अडकते आणि दुसरे पुढच्या तयारीला लावते.

५. दोष आणि निर्णयाची किंमत

क्रीडा-छायाचित्रात दिसणारा दोष हा पुष्कळदा एखाद्या निर्णयाची मोजलेली किंमत असतो. बंदिस्त सभागृहातील कबड्डीचा सामना विचारात घेऊ. समजा, चढाई करणाऱ्या खेळाडूचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे जात आहे. शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवल्यास तेवढ्या अवधीत तो हात २ सेंटिमीटर सरकतो व बोटे पुसट होतात. १/१००० सेकंद ठेवल्यास तो केवळ ५ मिलिमीटर सरकतो आणि प्रतिमा बरीच स्पष्ट येते. परंतु त्याच वेळी प्रकाश एक-चतुर्थांशावर येतो. भिंगाचे छिद्र तेवढेच ठेवले तर आयएसओ १६०० वरून ६४०० पर्यंत वाढवावा लागतो आणि चित्रात रवाळपणा येतो. आता ‘चित्र फार रवाळ आहे’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याने ‘मग बोटे पुसट आलेली चालतील काय?’ या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे. दोन्ही दोष टाळण्यास अधिक प्रकाश किंवा अधिक मोठ्या छिद्राचे, म्हणजेच महागडे, भिंग लागते. विद्यार्थ्याला ते परवडणारे नसेल तर तशी टीका त्याच्या कौशल्यावर न होता त्याच्या खिशावर होते.

असेच दुसरे उदाहरण दिव्यांच्या लुकलुकण्याचे आहे. भारतातील विद्युतपुरवठा ५० आवर्तनांचा असल्यामुळे अनेक सभागृहांतील दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक प्रखर होतात. १/१००० सेकंदाच्या शटरमध्ये या चक्राचा केवळ दहावा भाग पकडला जातो. परिणामी लागोपाठच्या दोन चौकटींत उजेड व रंग वेगवेगळे येऊ शकतात. हे कारण माहीत नसलेला सहकारी ‘तुझे प्रकाशमापन चुकले’ असा शेरा देतो. कारण माहीत असलेला सहकारी शटरचा वेग १/१०० सेकंदापर्यंत उतरवून पाहण्यास, किंवा कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असल्यास ती वापरण्यास सुचवितो. लक्षण दोघांनाही दिसले, पण निदान एकालाच करता आले.

काही वेळा तर ज्याला दोष म्हणावे तेच छायाचित्राचे बळ ठरते. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तीग यांनी ऐन तारुण्यात, १९१२-१३ च्या सुमारास, मोटारशर्यतीचे एक छायाचित्र घेतले. त्यात मोटारीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकले आहे, तर कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले दिसतात. शटरची फट काचेवरून सरकत असताना कॅमेरा मोटारीच्या दिशेने फिरविला गेल्यामुळे ही विकृती निर्माण झाली. संकेतांच्या कसोटीवर हे छायाचित्र सहज नापास झाले असते. तथापि, १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तीग यांचे प्रदर्शन भरल्यानंतर त्यांचे काम जगापुढे आले आणि हे चित्र वेगाचे प्रतीक म्हणून ओळखले जाऊ लागले.

जागेच्या निवडीचे महत्त्व आणखी एका प्रसिद्ध छायाचित्रातून कळते. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतील लुइस्टन येथे मुहम्मद अली यांनी सॉनी लिस्टन यांना पहिल्याच फेरीत पाडले. नील लीफर यांनी टिपलेल्या त्या क्षणात अलींच्या पायांमधून पलीकडच्या बाजूला बसलेला दुसरा एक अनुभवी छायाचित्रकार दिसतो. त्याच्यासमोर त्या क्षणी अलींची पाठ होती. दोघेही निष्णात होते, पण क्षण एकाच्याच वाट्याला आला. हे छायाचित्र लीफर ज्या साप्ताहिकासाठी काम करीत होते त्याच्या तत्कालीन मुखपृष्ठावरही आले नव्हते. त्याची थोरवी कालांतराने मान्य झाली. तात्काळ मिळालेला अभिप्राय अंतिम मानू नये, हा धडा यातून घेता येतो.

६. अभिप्रायाचे स्तर

विवेचनाच्या सोयीसाठी सहकाऱ्यांच्या अभिप्रायांचे पाच स्तर मानता येतील.

(अ) वर्णनात्मक स्तर : चित्रात काय दिसते ते सांगणे. ‘माझी नजर प्रथम पंचाच्या पांढऱ्या शर्टावर गेली’ हे विधान साधे वाटले तरी मोलाचे आहे, कारण छायाचित्रकाराला स्वतःचे चित्र परक्या नजरेने पाहता येत नाही.
(आ) तांत्रिक स्तर : फोकस, शटरचा वेग, प्रकाश, रंग यांविषयीचे अभिप्राय.
(इ) क्षणाचा स्तर : बटण योग्य वेळी दाबले गेले की नाही. येथे खेळाचे ज्ञान आवश्यक ठरते. धोबीपछाड डावात प्रतिस्पर्ध्याचे पाय हवेत असतानाचा क्षण आणि त्याची पाठ मातीला लागल्यानंतरचा क्षण यांतील फरक कुस्ती जाणणाऱ्यालाच नेमका सांगता येतो.
(ई) अर्थाचा स्तर : चित्र काय सांगते. कबड्डीत पकडला गेलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात ताणतो, तेव्हा तो हात आणि ती रेषा यांतील अंतर हीच त्या चित्राची कथा असते. तेथे बचावपटूचा पाय कापला गेला तरी बिघडत नाही, पण मध्यरेषा चौकटीबाहेर गेली तर कथाच हरवते. ‘अवयव कापू नये’ हा संकेत त्यामुळे सरसकट लागू करता येत नाही.
(उ) व्यक्तीचा स्तर : ‘तुला नजरच नाही’ किंवा ‘तू जन्मजात कलावंत आहेस’ यांसारखी विधाने.

यांपैकी पाचवा स्तर सर्वांत निरुपयोगी आणि अपायकारक आहे. या निरीक्षणाला शिक्षणविषयक संशोधनाचा आधार मिळतो. अव्राहम क्लुगर व अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांविषयीच्या ६०७ मापनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सरासरीने अभिप्रायामुळे कामगिरी सुधारते असे आढळले, तरी एक-तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेकडे वळू लागले की अभिप्रायाची परिणामकारकता घटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉन हॅटी व हेलन टिंपर्ली यांनीही २००७ मध्ये उपयुक्त अभिप्रायासाठी तीन प्रश्न मांडले : कोठे जायचे आहे, सध्या कसे चालले आहे आणि पुढे काय करावे. क्रीडा-छायाचित्राच्या बाबतीत यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा विचारला जात नाही.

७. छायाचित्र दाखविण्यापूर्वी

चांगला अभिप्राय मिळणे हे काही अंशी दाखविणाऱ्याच्याही हाती असते. आजचे कॅमेरे एका सेकंदात दहा किंवा त्याहून अधिक चौकटी टिपतात. त्यामुळे एका सामन्याची शेकडो छायाचित्रे जमतात आणि ती सर्वच्या सर्व सहकाऱ्यांपुढे ओतण्याचा मोह होतो. परंतु निवड हाही छायाचित्रणाचाच भाग आहे. एका सामन्यातून पाच-सहा छायाचित्रे निवडावीत. एकाच चढाईच्या चार चौकटी दाखविण्याऐवजी एक निवडून ती का निवडली हे सांगता यावे.

प्रत्येक छायाचित्रासोबत खेळ, स्थळ, शटरचा वेग, आयएसओ, भिंग आणि उभे राहण्याची जागा यांची नोंद द्यावी. ही माहिती नसेल तर पाहणाऱ्याला निर्णयापर्यंत पोहोचता येत नाही. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवेतून पाठविलेले छायाचित्र बहुधा आकुंचित होऊन पोहोचते. अशा प्रतीवरून सुस्पष्टतेविषयी मत देणे अन्यायाचे ठरते. म्हणून शक्य तेथे मूळ फाइल किंवा छापील प्रत दाखवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘कसे वाटले?’ असे मोघम न विचारता नेमका प्रश्न विचारावा. ‘खो-खोत खांबाजवळ सूर मारणाऱ्या खेळाडूचा वेग जाणवतो का?’ अशा प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेली अभिप्राय-पद्धत या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यात प्रथम प्रेक्षक कलाकृतीत काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात, नंतर कलावंत प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक तटस्थ प्रश्न विचारतात आणि शेवटी कलावंताच्या संमतीने मते मांडली जातात. नृत्यासाठी घडलेली ही पद्धत छायाचित्रण मंडळालाही सहज लागू करता येईल.

८. अभिप्राय स्वीकारताना

अभिप्राय ऐकताना प्रत्येक आक्षेपाला तत्काळ उत्तर देण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली तरी ती आवरावी. ‘पंच मध्ये आला’, ‘दिवे कमी होते’ ही कारणे खरी असली तरी ती चित्राला जोडून देता येत नाहीत. जे म्हटले गेले ते वहीत टिपून घ्यावे आणि एक-दोन दिवसांनी, मन निवल्यावर, त्याची तीन गटांत विभागणी करावी : पुढील सामन्यात करून पाहण्याजोगे, साधनांच्या मर्यादेमुळे तूर्त अशक्य, आणि केवळ अभिरुचीचा भाग. पहिल्या गटातील एकच सूचना निवडून ती पुढील सामन्यात कसोटीस लावावी. एकाच वेळी दहा सूचना अमलात आणू पाहणाऱ्याच्या हातून क्षण निसटतो.

परस्परविरोधी सूचना आल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही. एक म्हणतो, ‘अधिक जवळून घ्या’, दुसरा म्हणतो, ‘प्रेक्षकही दिसू द्या’. या दोन मतांतून चित्राचे दोन वेगवेगळे हेतू सूचित होतात. आपला हेतू कोणता, हे ठरविण्याचा अधिकार छायाचित्रकाराचाच असतो. मात्र अनेक पाहणाऱ्यांची नजर एकाच ठिकाणी अडखळत असेल, तर त्यांनी सुचविलेला उपाय मान्य नसला तरी अडथळा खरा आहे असे समजावे.

९. अभिप्रायाच्या मर्यादा : सत्य आणि खेळाडूची प्रतिष्ठा

सहकाऱ्यांच्या काही सूचना तांत्रिकदृष्ट्या सोप्या परंतु नैतिकदृष्ट्या धोकादायक असतात. ‘मागचा पंच संगणकावर पुसून टाक’ ही त्यांपैकी एक. उजेड, रंगसंगती किंवा कडेची काटछाट यांत बदल करणे आणि प्रत्यक्ष असलेली गोष्ट नाहीशी करणे यांत मूलभूत भेद आहे. २०१० मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत क्रीडाविषयक विभागात पारितोषिक मिळालेले युक्रेनचे छायाचित्रकार स्तेपान रुदिक यांना अपात्र ठरविण्यात आले, कारण त्यांनी एका छायाचित्रातून पार्श्वभूमीतील पायाचा लहानसा भाग पुसला होता. भाग लहान होता, पण छायाचित्राच्या साक्षीवरील विश्वास त्यामुळे ढळला. हौशी छायाचित्रकाराला स्पर्धेचे नियम बांधील नसतील, परंतु त्याचे छायाचित्र उद्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात सामन्याची नोंद म्हणून छापले जाणार असेल तर हाच विवेक त्यालाही लागू होतो.

दुसरी मर्यादा खेळाडूच्या प्रतिष्ठेची आहे. चित्रावर चर्चा करताना त्यातील व्यक्ती बहुधा उपस्थित नसते. झटापटीत अस्ताव्यस्त झालेला वेश, वेदनेने वाकडा झालेला चेहरा, पराभवानंतरचे अश्रू हे सर्व मैदानावर क्षणभर घडते व विरून जाते, छायाचित्रात मात्र ते कायम राहते. विशेषतः मुलींच्या कबड्डी व कुस्तीच्या छायाचित्रांबाबत हा प्रश्न गंभीर आहे. घरच्यांशी वाद घालून मैदानावर आलेल्या एखाद्या मुलीचे अनुचित छायाचित्र गावात फिरले तर तिचा खेळ थांबू शकतो. म्हणून अभिप्रायाच्या बैठकीत कौशल्यावर बोलावे, खेळाडूच्या शरीरावर शेरे मारू नयेत. छायाचित्र मंडळाबाहेर जाण्यापूर्वी खेळाडूची, आणि ती अल्पवयीन असल्यास पालकांची, संमती घ्यावी. खेळाडूलाच ते छायाचित्र प्रथम दाखविणे हा उत्तम मार्ग होय. हालचालीतील बारकावे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार? तिचा अभिप्राय हा पुष्कळदा सर्वांत नेमका असतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) स्थिर विषयांसाठी घडलेले संकेत क्रीडा-छायाचित्राला यांत्रिकपणे लावणे अयोग्य आहे.
२) दिसणारा दोष कोणत्या निर्णयाची किंमत आहे, हे समजून घेतल्याशिवाय दिलेला अभिप्राय अपुरा असतो.
३) अभिप्राय कामाविषयी असावा, व्यक्तीविषयी नसावा, आणि त्यातून पुढील सामन्यासाठी किमान एक कृती सुचावी.
४) छायाचित्राची सत्यता व खेळाडूची प्रतिष्ठा या बाबी सौंदर्यविषयक मतांहून वरच्या स्थानी आहेत.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयाचे आणखी एका कारणाने महत्त्व आहे. निबंध, प्रकल्प, प्रयोगवही अशा विद्यार्थ्यांच्या अनेक कामांवर आपण शेरे लिहितो. तेथेही लाल शाईने दोष दाखविणे सोपे आणि तो दोष कोणत्या निर्णयातून आला हे विचारणे कष्टाचे असते. क्रीडा महोत्सवानंतर छायाचित्रण मंडळाची एक बैठक घेऊन, प्रत्येक छायाचित्रास दहा-पंधरा मिनिटे देऊन, वर सुचविलेल्या क्रमाने चर्चा केल्यास ही सवय विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांनाही लागू शकेल. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. एक भिंत, काही छापील प्रती आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे साहित्य पुरेसे आहे.